मेधा, तुझं ते ‘बरोबर आहे’

मेधा, तू गेल्याचं कळलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते. बिबवेवाडीचे एक काका, नुकतीच नवी गाडी घेतलेले. “तुमची गाडी मनानेच गिअर बदलते,” अशी त्यांची तक्रार होती. मी म्हणाले, “काका, ती ऑटोमॅटिक आहे.” ते म्हणाले, “ते माहितीये हो मला. पण विचारून बदलायला काय जातं तिचं?”

मला हसू आलं आणि मनात आलं, हे मेधाला सांगितलं पाहिजे. तुझ्याशी पूर्वीसारखं बोलणं बंद होऊन इतके महिने झाले होते, तरी असलं काही घडलं की तुझंच नाव आधी यायचं. तेवढ्यात केतकीचा मेसेज दिसला. ‘यास्मिन मावशी, आई आज सकाळी गेली.’

मी काकांची तक्रार शेवटपर्यंत लिहून घेतली. गाडीचा नंबर दोनदा विचारला. बाईचं लक्ष नाही असं त्यांना वाटलं असेल, आणि ते खरंच होतं. मग पॅन्ट्रीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रडू आलं, पण त्याच्या आधी राग आला, हे तुझ्यापासून लपवत नाही. आपलं भांडण कुठे संपलं होतं? तू अशी मध्येच उठून कशी गेलीस?

गेले काही महिने, शेवटची एक दुपार सोडली तर, मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते. आज ‘तू’ लिहितेय. ते तुझंच शिकवणं आहे. मी हडपसरच्या युनिटमध्ये नवी होते तेव्हा ‘मेधा मॅडम, मेधा मॅडम’ करत तुझ्या मागे फिरायचे. तू पहिल्याच आठवड्यात मला चाचणीच्या गाडीत बसवलंस, मांडीवर लॅपटॉप ठेवलास आणि म्हणालीस, “हे अहो-जाहो ऑफिसात. गाडीत नको. ‘अहो मॅडम, जरा ब्रेक दाबता का’ एवढं म्हणून होईपर्यंत आपण दरीत असू.”

त्या दिवशी तू गाडी दिवे घाटाकडे काढलीस. मला गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चाकं, तेल आणि परीक्षेतली गणितं एवढंच ठाऊक होतं. वळण आलं तसा तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललास.

“आता साधा गिअरबॉक्स काय समजेल?”

“तुला घाई नाही, असं समजेल.”

“आणि काय करेल?”

“वरचा गिअर टाकेल.”

“वळण संपल्यावर मी पुन्हा दाबलं, की?”

“परत खाली आणेल.”

“म्हणजे अख्ख्या घाटात हा वर-खाली, वर-खाली करत बसणार, आणि मागच्या सीटवरची मुलं ओकणार. त्याला डोळे नाहीत, यास्मिन. हे आधी डोक्यात घे. त्याला घाट दिसत नाही, वळण दिसत नाही, समोरचा टेम्पो दिसत नाही. पाय किती दाबलाय, किती झटक्यात दाबलाय, चाकं किती वेगाने फिरतायत, ब्रेक लागलाय का, एवढंच त्याला कळतं. एवढ्यावरून त्याने माणसाच्या मनातलं ओळखायचं.”

मग चढ कसा ओळखतो, असं मी विचारलं. तू इतकी खूश झालीस, की गाडी बाजूला घेतलीस आणि सांगायला लागलीस. इंजिन एवढा जोर लावतंय, तर गाडीने वेग घ्यायला हवा होता. घेत नाहीये. म्हणजे एक तर चढ आहे, नाही तर गाडीत सहा पाहुणे कोंबलेत. दोन्हींत वरच्या गिअरचं काम नाही. मग चालकाने वळणावर पाय उचलला, तरी आहे तो गिअर धरून ठेवायचा. उतारावर चालक सारखा हलका ब्रेक लावत असेल, तर त्याला गाडी आवरायची आहे. एक गिअर खाली आण, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरेल. हे सगळं तू हातवारे करून सांगत होतीस. घाटात थांबलेला एक भाजीचा टेम्पोवाला आपल्याकडे बघत होता. दोन बायका रस्त्याच्या कडेला भांडतायत, असं त्याला वाटलं असणार.

मला तो दिवस कोणी परत दिला, तर मी आजही घेईन. एवढं सगळं होऊनसुद्धा.

त्यानंतर कितीदा आपण तो घाट चढलो. तू चालवायचीस आणि मी लॅपटॉप बघायचे, मग तू म्हणायचीस, “तो बंद कर, पाठीला विचार. धक्का बसला का?” तुझ्यामुळे मला गिअर पाठीतून कळायला लागले. रमझानमध्ये माझा रोजा असायचा, तर भर उन्हात चाचणी चालू असतानाही तू पाण्याची बाटली उघडायची नाहीस. मी म्हणायचे, “अगं पी ना, मला काही होत नाही.” तू म्हणायचीस, “मला तहानच नाही.” मी खरं मानायचे. आता वाटतं, तुझ्या बाबतीत मी सगळंच खरं मानायचे.

मग अब्बांचं झालं. आमच्या घरी एकच गाडी, आपल्याच गिअरबॉक्सची. बहुतेक वेळा माझा भाऊ इम्रान चालवायचा, आणि त्याचा पाय म्हणजे हातोडा. आपला गिअरबॉक्स शिकणारा होता. चालक रोज कसा दाबतो ते बघून तो हळूहळू मत बनवायचा: या माणसाला घाई असते, याला गिअर उशिरा बदललेला आवडतो, याने जरा दाबलं की लगेच खालचा गिअर द्यावा. इम्रानकडून तो हे सगळं पक्कं शिकला. एका रविवारी अब्बा गाडी घेऊन निघाले. त्यांनी सवयीने पाय जरासा ठेवला, गिअरबॉक्सला वाटलं, इम्रानच आहे. गिअर खाली आला, इंजिन ओरडलं, गाडीने उडी मारली आणि सोसायटीच्या गेटशी वॉचमनची खुर्ची उडाली. नशिबाने वॉचमन चहा आणायला गेला होता. अब्बांनी घरी येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही गाडी इम्रानला ओळखते. मी तिच्यासाठी परका आहे.” त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

हे मी तुला घाटमाथ्यावर, चहा पिताना सांगितलं. आणि म्हणाले, आपण याला विसरायला शिकवू या. गाडी बंद झाली, की त्या चालकाकडून शिकलेलं सगळं सोडून द्यायचं. पुन्हा सुरू झाली, की मधल्या स्वभावाने सुरुवात करायची आणि नव्या माणसाला पटकन ओळखायचं. एका गाडीवर चार माणसं असतात आपल्याकडे. ती कोणा एकाची होऊन कशी चालेल?

तू कप खाली ठेवलास. मला अजून दिसतंय. म्हणालीस, “बरोबर आहे तुझं. एसीत बसून आपल्या लोकांना हे सुचत नाही.”

मी विचारलं, “पण शेवटचा शब्द नाडकर्णी सरांचा. त्यांना पटेल?”

“रिव्ह्यूत मी उभी राहीन. तू काम कर.”

मी काम केलं. ते काम करताना मी जितकी आनंदात होते, तितकी नंतर कधी नव्हते. अडलं, की तुझ्याकडे यायचे. तू बघायचीस आणि म्हणायचीस, ‘बरोबर आहे.’ पुढे जायचे, परत यायचे, परत ‘बरोबर आहे.’ माझ्या गणितात कुठे भोक आहे, असं तू एकदाही विचारलं नाहीस. इतर मुलांच्या कामाची तू चिरफाड करायचीस. एका मुलाला तू म्हणाली होतीस, “हे बरोबर असतं, तर मी तुला सांगितलं असतं. शांत आहे, यावरून ओळख.” मला मात्र कधी असं बोलली नाहीस. मला वाटायचं, मी चांगलं काम करतेय.

रिव्ह्यूच्या दिवशी बाहेरून पाहुणे आले होते. सकाळी ते आपली चाचणीची गाडी चालवून आले आणि त्यांना ती आवडली नाही. दर वेळी सुरू केली, की पहिली काही मिनिटं ती चाचपडते, म्हणाले. ओळखीच्या माणसालाही नव्याने विचारत बसते. नाडकर्णी सरांनी चष्मा काढला. “हे रोज सगळं विसरून जायचं डोकं कोणाचं?”

मी तुझ्याकडे पाहिलं. तू उभी राहणार होतीस.

तू बसूनच म्हणालीस, “यास्मिनचं. तिचा फार आग्रह होता. मला ते सुरुवातीपासून पटलं नव्हतं.”

तू पेनला टोपण लावत होतीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने हळूच आपली खुर्ची जराशी पलीकडे सरकवली. कशाला सरकवली असेल, कोणास ठाऊक. पण तो खुर्चीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, की ही मुलगी आपल्या वरिष्ठांचं न ऐकता, त्यांच्या नाकावर टिच्चून, हट्टाने काहीतरी करत बसली होती. ‘मेधा मॅडम नको म्हणत होत्या तरी.’ हे वाक्य मी नंतर जिन्यात ऐकलं, कँटीनमध्ये ऐकलं.

लिफ्टपाशी मी तुला गाठलं. “मेधा, का?” तू म्हणालीस, “नंतर बोलू. इथे नको.”

पुढच्याच महिन्यात मला गिअरबॉक्सवरून काढून तक्रारींच्या विभागात पाठवलं. नाडकर्णी सर म्हणाले, “तुम्हाला गिऱ्हाइकांचं मन चांगलं कळतं.” अपमान करायचा, तर तो असा शाल-श्रीफळ देऊन करावा. तू तेव्हाही काही बोलली नाहीस. त्या दिवसापासून मी तुला ‘तुम्ही’ म्हणायला लागले. कॉरिडॉरमध्ये तू म्हणायचीस, “कशी आहेस?” मी म्हणायचे, “ठीक. आपण?” तुझा चेहरा उतरायचा आणि मला बरं वाटायचं.

ईदला तू फोन केलास. शीरखुर्म्याची चौकशी केलीस, अब्बांची तब्येत विचारलीस, पावसाचं बोललीस. ते ‘नंतर’ काही आलं नाही.

तुझ्या आजाराचं मला तिसऱ्याकडून कळलं. यायचं नाही, असं ठरवलं होतं. मग एका दुपारी कर्वेनगरला तुझ्या दाराशी उभी राहिले. केतकीने दार उघडलं आणि मला बघून तिला रडूच फुटलं, त्यामुळे परत फिरता आलं नाही. तू खिडकीशी आरामखुर्चीत होतीस. केवढीशी झाली होतीस.

“कशा आहात?”

“आजारी माणसाशी तरी अहो-जाहो करू नकोस गं.”

मी बसले. केतकी चहा ठेवून बाहेर गेली. तू विचारलंस, “अब्बा चालवतात का आता गाडी?”

“नाही.” मग मला थांबता आलं नाही. “मेधा, सुरुवातीपासून म्हणजे कधीपासून?”

कशाचं विचारतेय, असं तू विचारलं नाहीस. खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “पहिल्यापासूनच. घाटावर तू सांगितलंस ना, तेव्हापासून.”

मी बऱ्याच उत्तरांची तयारी करून आले होते. तू घाबरलीस, नाडकर्णींनी आधीच दम दिला होता, पाहुण्यांसमोर जीभ घसरली. या सगळ्यांसाठी माझ्याकडे माफी तयार होती. या उत्तरासाठी नव्हती. त्या खोलीत तू खोटं बोलली असशील, असं मी धरून चालले होते. तू तिथे खरं बोललीस, आणि खोटं त्याच्या आधी बोललीस, घाटावर, चहा पिताना, माझ्या डोळ्यांत बघून. मग इतके दिवस मी कोणाच्या जोरावर काम करत होते?

“मग ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ काय म्हणत होतीस?”

“अब्बांचं सांगताना तुझे डोळे भरले होते. आणि मग तू इतकी खूश असायचीस. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?”

“तोंडाने,” मी म्हणाले.

तू हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. मला हसायचं नव्हतं.

“मग आता म्हण,” मी म्हणाले. “काय पटलं नव्हतं?”

आणि तू सांगितलंस. सरळ बसलीस, अंगावरची शाल बाजूला टाकलीस. म्हणालीस, “गाडी माणसाला शिकते, तसा माणूसही गाडीला शिकतो. किती दाबलं की ती काय करेल, हे त्याच्या पायाला पाठ होतं. तू गाडीला रोज नवी केलीस, तर त्याने काय पाठ करायचं? आणि तू तिला पटकन शिकवायला गेलीस. एक ओव्हरटेक केलं, की तिला वाटणार हा घाईचा माणूस. पुढे दोन मिनिटांत लक्ष्मी रोडची गर्दी आली, की तिथे ती उडी मारणार. तेच अब्बांचं झालं होतं ना? दोघंही एकमेकांना नव्याने शिकत बसले, तर कोण कोणाला ओळखणार?”

मी म्हणाले, मग अब्बांनी आयुष्यभर इम्रानची गाडी चालवायची का? तू म्हणालीस, अब्बांसाठी वेगळी किल्ली ठेव, किल्लीवरून माणूस ओळख. मी म्हणाले, आमच्या घरात किल्ली एकच असते, दुसरी कपाटात हरवलेली असते. तू म्हणालीस, “मग घर सुधार, गिअरबॉक्स कशाला बिघडवतेस?” माझा आवाज चढला. तुझाही चढला. केतकी दोनदा दारात येऊन बघून गेली. तुझ्या गालांवर रंग आला होता. इतक्या वर्षांच्या ओळखीत आपण पहिल्यांदा खरं भांडलो, मेधा, आणि मला त्या दुपारी इतकं हलकं वाटलं, की मी स्वतःवरच चिडले.

निघताना मी तुझ्याकडे एकच मागितलं. “नाडकर्णी सरांना एकदा सांग, की तू मला हो म्हणाली होतीस. मला परत यायचं नाहीये. फक्त मी तुझं न ऐकता, तुझ्या पाठीमागे ते केलं नव्हतं, एवढं त्यांना कळू दे.”

तू माझा हात धरलास. “सांगते. नक्की सांगते. ते येणारच आहेत भेटायला.”

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ऑफिसला येताना, मगरपट्ट्याच्या सिग्नलला स्कूटरवर उभी असताना, मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. सगळं विसरायचंच नाही. घाई विसरायची आणि शांतपणा लक्षात ठेवायचा. चालक हळू चालवतोय, हे गिअरबॉक्सने सावकाश शिकावं आणि धरून ठेवावं. तो घाईत आहे, हे एका ओव्हरटेकवरून मानू नये; सारखं दिसलं, तर त्या फेरीपुरतं मानावं आणि गाडी बंद झाली की सोडून द्यावं. मग इम्रानला दोन मिनिटं गाडी थोडी मंद वाटेल, त्याने काही बिघडत नाही. पण अब्बांच्या पायाखाली ती उडी मारणार नाही, आणि तुझा तो पाठांतराचा मुद्दाही सांभाळला जाईल. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी स्कूटर कडेला घेतली आणि तुला फोन लावला.

केतकीने उचलला. “मावशी, आईला कालपासून ऑक्सिजन लावलाय. नंतर बोलाल?”

मी हो म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हाच सुचलं असतं, मेधा. घाटावर तू एकदा ‘नाही’ म्हणाली असतीस, हेच लक्ष्मी रोडचं मला ऐकवलं असतंस, तर मी चिडले असते, घरी जाऊन उशीवर डोकं आपटलं असतं आणि आठवड्याभरात हे घेऊन तुझ्यापुढे उभी राहिले असते. तू मला रिव्ह्यूत एकटं सोडलंस, ते मी कदाचित कधीतरी विसरेन. पण इतरांशी तू भांडायचीस आणि मला सांभाळायचीस, हे मात्र विसरता येत नाही. तुझ्याकडे शिकायला आले होते मी. लाड करून घ्यायला घरी अब्बा होते.

शोकसभा कंपनीच्या हॉलमध्ये झाली. तुझा फोटो कुठल्याशा पिकनिकचा होता, डोळे मिटत आलेले. तुला आवडला नसता. सुरू व्हायच्या आधी मी नाडकर्णी सरांपाशी गेले. असं विचारायची ती वेळ नव्हती, हे मला कळत होतं.

“सर, मेधा माझ्याबद्दल काही बोलली का तुमच्याशी? शेवटी शेवटी?”

ते जरा गोंधळले. “मी दोनदा जाऊन आलो. तुमचा विषय निघाला होता, हो. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे. थोडी हट्टी आहे.”

“बाकी काही?”

“नाही. बाकी काही नाही बोलल्या.”

म्हणजे ते ‘नक्की सांगते’ही तसंच होतं. मी निघाले होते, माझा चेहरा तसा झाला असेल, आणि तुला ‘नाही’ म्हणवलं नाही. इतकं भांडल्यानंतर, सगळं एकदा स्वच्छ झाल्यानंतरसुद्धा.

मला बोलायला बोलावलं. माइकपर्यंत जाताना मी ठरवलं होतं, की सगळं सांगायचं. वाईट शब्द न वापरता, पण सांगायचं, की घाटावर काय ठरलं होतं आणि खोलीत काय झालं. तू नाही सांगितलंस, तर मी सांगते. मी माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत केतकी बसली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहान मुलगी शाळेत बसते तशी, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणाले, “मेधा मॅडम कायम माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. अगदी शेवटपर्यंत.”

लोकांनी माना डोलावल्या. नाडकर्णी सरांनीसुद्धा. त्यांना तर माझं वाक्य खोटं आहे, हे ठाऊकच होतं, तरी डोलावली. ते वाक्य तोंडातून किती सहज बाहेर पडलं, याचीच मला भीती वाटली.

सगळं संपल्यावर केतकी माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, “आई पण म्हणायची मावशी, माझ्या हाताखाली यास्मिनसारखं दुसरं कोणी आलं नाही.”

“कोणाला म्हणायची गं?”

“मला,” ती म्हणाली. “घरी.”

घरीच, मेधा. मी तिला घट्ट जवळ धरलं, तिचे केस सारखे केले, आणि तुझ्यावरचा राग आहे तसा घेऊन खाली पार्किंगमध्ये आले. तो इतक्यात उतरू नये, असंच वाटतंय. तो आहे तोवर तुझ्याशी बोलणं चालू आहे.